आकाशपाळण्यावर अपघात झाला तर : नागपुरात भरपाईचा दावा कसा उभा करायचा

मीना बाजारातला पाळणा मैदानावर पंधरा-वीस दिवसांचा पाहुणा असतो. ताजबागचा उर्स संपला, कोराडीची नवरात्र यात्रा उठली की खांब, बैठका, मोटार, जनरेटर सगळं ट्रकवर चढतं आणि पुढच्या गावाला जातं. जखमी माणूस तेव्हा अजून प्लास्टरमध्येच असतो. घरचे म्हणतात, "आधी बरा होऊ दे, मग बघू." आणि बघायला जातात तेव्हा मैदान रिकामं झालेलं असतं.

म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ग्राहक आयोगात भरपाईचा दावा दोन वर्षांत कधीही लावता येतो, पण त्याचा पुरावा पहिल्या दोन आठवड्यांतच गोळा होतो. कायमच्या वॉटर पार्कमध्ये किंवा बागेतल्या राइडवर अपघात झाला तरी फार वेगळं नाही. तिथे राइड जागेवरच राहते, पण तिची दुरुस्ती दोन दिवसांत उरकते.

१. पहिले चोवीस तास : एमएलसी करून घ्या

जखमीला कुठेही न्या, पण "राइडवरून पडून" किंवा "पाळण्याचा भाग तुटून" असं कारण केसपेपरवर लिहून घ्या. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत नेलंत तर मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी, तिथेच नोंदवली जाते आणि पोलिसांना कळवली जाते. खासगी दवाखान्यात नेलंत तर तुम्हाला स्वतः आग्रह धरावा लागतो. घाईत केसपेपरवर "पडल्यामुळे इजा" एवढंच लिहिलं जातं, आणि वर्षभराने समोरचा वकील विचारतो, कुठून पडला? घरच्या जिन्यावरून?

आयोजकाचा माणूस दवाखान्यात पैसे घेऊन येतोच. वीस-तीस हजार देतो आणि "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतो. पैशांची निकड असेल तर घ्या, पण पावतीवर "उपचाराच्या खर्चापोटी, पुढील भरपाईचा हक्क राखून" हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा. तसं लिहू देत नसतील तर पैसे घेऊ नका. "तक्रार नाही" या दोन शब्दांखाली केलेली सही पुढे प्रत्येक तारखेला समोर येते.

२. राइडचा पुरावा : नेमकं काय टिपायचं

जखमीबरोबर एक जण दवाखान्यात जाईल, पण दुसऱ्याने मैदानावरच थांबायला हवं. गर्दीचे, रडारडीचे व्हिडिओ फारसे कामी येत नाहीत. कामी येतात ते जवळून काढलेले फोटो.

माणूस बैठकीतून निसटला असेल तर आधी मांडीवरचा आडवा दांडा बघा. तो खाली ओढल्यावर अडकतो कशावर? तिथे दातेरी अडसर किंवा खटका असतो. दात झिजलेले असले तर दांडा बसल्यासारखा वाटतो आणि झटका बसला की वर येतो. लहान पाळण्यांत बैठकीची साखळी किंवा दार एका पिनेवर असतं, आणि ती पिन सुटू नये म्हणून तिच्या भोकात आर-क्लिप घालतात. क्लिप दहा-वीस रुपयांची. ती हरवली की बरेचदा तिच्या जागी बांधकामावरची बाइंडिंग तार पिळून बसवतात. गंज चढलेली, दोन-तीन वेढ्यांची ती तार फोटोत स्पष्ट दिसली तर त्या एका फोटोचं वजन दहा साक्षीदारांइतकं असतं. फोटोत शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, आकाराचा अंदाज येतो. भागाला हात लावू नका, तो जागचा हलवूही नका.

काही तुटलं असेल तर तुटलेल्या जागेचा रंग नीट बघा. पूर्ण कड चकचकीत आणि ताजी असेल तर भाग एकदम तुटला. कडेचा काही भाग काळपट, गंजलेला आणि उरलेला चकचकीत असेल तर तडा आधीपासून होता आणि तपासणी करणाऱ्याला तो दिसायला हवा होता. वेल्डिंगच्या सांध्यांत असे तडे नेहमी पडतात. ते शोधायला तड्यात शिरणाऱ्या रंगद्रव्याची डीपी (डाय पेनिट्रंट) तपासणी असते, ती महागही नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात झोक्यासारखी फिरणारी राइड मुख्य दांड्यापाशी तुटून दोन जणांचा जीव गेला. अशा राइडमध्ये सगळा भार त्या एकाच दांड्यावर असतो, म्हणून फोटोही आधी तिथलेच काढा.

पाळण्याचा पायाही विसरू नका. जत्रेतला पाळणा मातीवर लाकडी ठोकळे आणि जॅक ठेवून उभा करतात. पाऊस झाला की एका बाजूचा ठोकळा रुततो, सांगाडा तिरका होतो आणि बेअरिंगवर एकतर्फी जोर येतो. चिखल, ठोकळे, उघड्या वायर, ब्रेक लावणारा माणूस कुठे बसतो, हे सगळं चारही बाजूंनी टिपा. उंची-वयाची अट सांगणारा फलक असेल तर त्याचा फोटो काढा. फलकच नसेल तर प्रवेशाच्या जागेचा काढा, तो नव्हता हे त्यातून दिसेल.

तिकीट जपा. फाडून घेतलं असेल तर यूपीआयची नोंद चालते, आणि रोख दिले असतील तर सोबतच्या माणसाचं शपथपत्र. त्याच फेरीत बसलेल्या दोन-तीन अनोळखी लोकांची नावं आणि फोन नंबर घ्या. नातेवाइकांपेक्षा त्यांच्या शब्दाला किंमत जास्त. मूळ व्हिडिओ ज्या फोनमध्ये काढला त्यातच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीची गुणवत्ता घसरते, तारखेचा तपशीलही जातो. डिजिटल पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचा हॅश क्रमांक, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहायचा असतो, आणि तो मूळ फाइलवरूनच काढायला हवा.

३. एफआयआर आणि पंचनामा

गुन्हा नोंदवणं आणि भरपाई मागणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. शिक्षेचा खटला निकाली निघेपर्यंत थांबायची गरज नाही. पण एफआयआर आणि पंचनामा दाव्यात फार उपयोगी पडतात.

भारतीय न्याय संहितेत यंत्राबाबत निष्काळजीपणासाठी कलम २८९ आहे आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून इजा करण्यासाठी कलम १२५. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत ठरते, तिथे १२५ च्या पोटकलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृत्यू झाला तर कलम १०६. ठाण्यात नुसती अदखलपात्र नोंद करून परत पाठवू लागले तर कलमांची नावं घेऊन बोला. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

पंचनाम्यात "पाळण्यावरून पडून जखमी" एवढ्यावर थांबू देऊ नका. तुटलेला भाग जप्त करा आणि यांत्रिक तज्ज्ञाकडून तपासून घ्या, अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. राइडचा मालक लगेच न्यायालयात अर्ज करून सामान सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, सोडवून नेतो, कारण पुढच्या जत्रेची तारीख ठरलेली असते. तपासणीआधी सामान सुटलं तर तो तुकडा पुन्हा दिसत नाही. विनंतीपत्रात हेही लिहा: "तांत्रिक तपासणी होईपर्यंत मुद्देमाल परत देऊ नये."

४. परवानग्यांचे कागद काढा

राइड लावायला एकच परवानगी नसते. शहरात करमणुकीच्या जागेचा परवाना महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांनुसार पोलीस आयुक्तालय देतं. मैदान महापालिकेचं, सुधार प्रन्यासचं किंवा खासगी असतं, त्या जागेचा करार वेगळा. विद्युत निरीक्षकाचा दाखला आणि अग्निशमनचं ना-हरकत पत्र हेही वेगवेगळे. यांत्रिक तपासणीचा दाखला सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेकडचा असतो.

प्रत्येक कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर प्रथम अपील, तेही ३० दिवसांत.

अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. मैदानाचं नाव आणि तारखा देऊन नेमकं मागा: परवान्याची प्रत, अर्जासोबतची कागदपत्रं, तपासणी दाखल्याची प्रत, दाखल्याची मुदत, आणि प्रत्यक्ष तपासणी केल्याची तारीख. दाखला एका पाळण्याचा आणि मैदानावर उभे सहा, असं पुष्कळदा निघतं. तारीख पाळणा उभा होण्याआधीची असेल तर आणखी चांगलं, कारण सुटे भाग ट्रकमध्ये असताना तपासणी झालीच कशी, हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. पोलिसांकडे तपासाची कागदपत्रं मागू नका, चालू तपासाचं कारण देऊन नाकारतील. परवान्याची मागा.

मालकाकडची रोजची तपासणी नोंदवही फार महत्त्वाची आहे, पण ती माहिती अधिकारात मिळत नाही. ती पुढे ग्राहक आयोगात हजर करायला लावायची. भारतीय मानक ब्युरोचं राइड्सच्या सुरक्षेसाठी आयएस १५४७५ हे मानक आहे, त्याचा उल्लेख करूनच ती मागा.

५. ग्राहक आयोग की दिवाणी न्यायालय

तिकीट काढून राइडवर बसलेला माणूस ग्राहक असतो. तिकीट वडिलांनी काढलं आणि मूल बसलं तरी मूल सेवेचं लाभार्थी म्हणून ग्राहकच. शाळेच्या सहलीतली मुलंही यातच येतात. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा येतो.

इथे नवख्या माणसाचा हमखास घोळ होतो. भरपाई ३० लाख मागायची म्हणजे मोठी फी भरावी लागेल, असं वाटतं. पण २०१९ च्या कायद्यात आयोगाचं अधिकारक्षेत्र तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर, म्हणजे तिकिटावर, ठरतं, मागितलेल्या रकमेवर नाही. तिकीट ५० रुपयांचं असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते, भरपाई कितीही मागा. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली आहे.

तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. अपघात परगावच्या पार्कमध्ये झाला तरी नागपूरकराला नागपुरातच दाद मागता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील बंधनकारक नाही.

दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेनुसार कोर्ट फी लागते, वेळही जास्त जातो. तरी काही प्रकरणं तिकडेच शोभतात: राइडखालून जाणारा माणूस जखमी झाला, तिकीट कुणीच काढलेलं नव्हतं, किंवा तज्ज्ञांची मोठी उलटतपासणी लागणार आहे. इजेच्या भरपाईच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. मृत्यूमुळे वारसांनी प्राणघातक अपघात अधिनियम १८५५ खाली लावायच्या दाव्याला दोनच वर्षं. सरकारी खात्याला पक्षकार करायचं असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते. नोटिशीचे ते दोन महिने मुदतीत धरले जात नाहीत, तरी अगदी शेवटपर्यंत थांबू नका.

राइड चालवणारा कामगारच जखमी झाला असेल तर हे काहीच लागू नाही. त्याचा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० खाली आहे, नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ खाली होता.

६. कोणाला पक्षकार करायचं

राइडचा मालक, ती चालवणारा ठेकेदार आणि मेळ्याचा आयोजक, हे तिघे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. तिघांनाही घ्या. तिकिटावर नाव एकाचं, क्यूआर कोडवर दुसऱ्याचं आणि परवान्यावर तिसऱ्याचं असतं, म्हणूनच वरची कागदं आधी हवीत. नुसत्या मालकाला पक्षकार केलं आणि तो परराज्यातल्या कुठल्याशा गावचा निघाला तर नोटीस "पत्ता सापडत नाही" म्हणून परत येते. आयोजक मात्र स्थानिक असतो, पळून जात नाही. विमा आहे का, असल्यास पॉलिसी क्रमांक काय, हे नोटिशीतच विचारा आणि विमा कंपनीलाही पक्षकार करा. रागाच्या भरात दहा अधिकारी मात्र घालू नका, प्रत्येकाला नोटीस लागू होण्यातच वर्ष जातं.

७. रक्कम कशी काढायची

"५० लाख द्या" असं मोघम मागितलं की आयोग स्वतःच्या अंदाजाने देतो, आणि तो अंदाज कमीच असतो. हिशेब मांडून द्या.

उपचार, औषधं, प्रवास, फिजिओथेरपी, घरी ठेवलेला मदतनीस, बुडालेला रोज, हे सगळं पावत्यांसह. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम लपवू नका. ती वजा करून दाखवा, म्हणजे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

कायमचं अपंगत्व असेल तर मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलेला गुणक मार्गदर्शक म्हणून वापरा. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. ३४ वर्षांचा प्लंबर महिन्याला २०,००० कमावतो आणि खांद्याच्या इजेने त्याची कमावण्याची ताकद २० टक्क्यांनी घटली असं धरा. २०,००० × १२ × १६ म्हणजे ३८,४०,०००, त्याचे २० टक्के ७,६८,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्यासाठी भविष्यातल्या वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवतात. मग तोच आकडा १०,७५,२०० होतो. वेदना, पुढची शस्त्रक्रिया आणि उपचाराचा खर्च याहून वेगळा.

अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या एक नाहीत. बोट गमावलेल्या कारकुनाचं आणि बोट गमावलेल्या शिंप्याचं वैद्यकीय अपंगत्व सारखं असतं, नुकसान सारखं नसतं. म्हणून माणूस काय काम करायचा आणि आता त्यातलं काय करू शकत नाही, हे शपथपत्रात ठसठशीत लिहा. अपंगत्वाचा दाखला घाईने काढू नका. हाड जुळून उपचार स्थिरावले की काढा, नाहीतर टक्केवारी "तात्पुरती" म्हणून येते.

८. नोटीस आणि तक्रार

नोटीस सक्तीची नाही, पण पाठवा. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, १५ दिवसांची मुदत देऊन. कायमच्या पार्कबाबत पहिल्याच आठवड्यात छोटी वेगळी नोटीस द्या: अमुक तारखेचं सीसीटीव्ही चित्रण आणि देखभाल नोंदवही जपून ठेवा. चित्रणावर काही दिवसांतच नवं चित्रण चढतं. नोटीस मिळूनही ते गेलं तर दोष त्यांच्या माथी येतो.

तक्रारीसोबत लागणारे कागद:

- घटनेचा तारीखवार तक्ता
- तिकीट किंवा पैसे दिल्याची नोंद
- एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे अहवाल, बिलं आणि त्यांची बेरीज
- एफआयआर, पंचनामा
- फोटो, पेन ड्राइव्ह आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र
- माहिती अधिकारातून मिळालेल्या प्रती
- उत्पन्नाचा पुरावा, अपंगत्वाचा दाखला
- साक्षीदारांची शपथपत्रं, नोटीस आणि पोच
- मूल जखमी असेल तर जन्मदाखला, मृत्यू झाला असेल तर वारसांचे कागद

तक्रार मराठीत चालते. ई-जागृती पोर्टलवर किंवा सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा आयोगाच्या कार्यालयात दाखल करा. पानांना क्रमांक द्या आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक जादा संच ठेवा. न्यायालयात द्यायच्या शपथपत्राला ५०० चा मुद्रांक लागत नाही, बाहेर कुणी घ्यायला लावलं तरी घेऊ नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. शंका असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

९. समोरून काय येईल

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये बंधनकारक ठरवली आहे. कोणत्या तारखेला नोटीस लागू झाली ते वहीत लिहा आणि ४६ व्या दिवशी हरकत घ्या.

पहिला बचाव ठरलेला आहे: "तिकिटामागे 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलंय." माणूस उंचीची, वेगाची, चक्कर येण्याची जोखीम पत्करतो. क्लिपच्या जागी तार असण्याची जोखीम कुणी पत्करत नाही. दुसरा बचाव: "तो उभा राहिला, सेल्फी काढत होता." इथे त्याच फेरीतल्या अनोळखी माणसांची शपथपत्रं कामी येतात. तिसरा: "नेमका दोष तक्रारदाराने सिद्ध करावा." यावर घटनाच बोलते हे तत्त्व आहे. नीट राखलेली राइड आपोआप तुटत नाही, तिचा ताबा सर्वस्वी त्यांच्याकडे होता, तेव्हा खुलासा त्यांनी करायचा. याच टप्प्यावर नोंदवही मागा. नोंदवहीत महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच ओघात केलेल्या दिसल्या तर ते युक्तिवादात जरूर दाखवा.

कायद्यात निकालाची मुदत तीन ते पाच महिन्यांची लिहिली असली तरी प्रत्यक्षात जास्त काळ धरून चाला. तारखा चुकवू नका, गैरहजेरीत तक्रार फेटाळली जाते. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जा, पण मघाचा हिशेबाचा कागद हातात ठेवूनच आकडा बोला.

१०. आदेशानंतर वसुली

विरुद्ध पक्षाला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, त्याची फिरती खंडपीठं नागपुरात बसतात. अपील करताना त्याला आदेशातली अर्धी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड आहे.

ठेकेदार नाव बदलून फिरत असेल तर तो पुढच्या मैदानावर सापडतो. नवीन जत्रेच्या परवान्याच्या अर्जावर त्याला ताजा पत्ता आणि राइडचा तपशील द्यावाच लागतो. त्या अर्जाची प्रत माहिती अधिकारात मागा, पत्ता वसुलीच्या अर्जाला जोडा, आणि पाळणा त्या मैदानावर उभा आहे तोवरच त्याच्या जप्तीची मागणी करा.